आधी हेडफोन

‘यंदा गणपतीला डीजे कोणाचा?’ असं आपल्याकडे विचारलं, की उत्तरात माणसाचं नाव येत नाही, बॉक्सचा आकडा येतो. आठ बेस, आठ टॉप, वर लाइट, मागे जनरेटर. आपण डीजे ‘लावतो’, डीजे ‘आणतो’, आणि पोलीस आले की डीजे ‘जप्त होतो’. इंग्रजीतला डिस्क जॉकी म्हणजे तबकडीवर स्वार झालेला माणूस. मराठीत येता येता त्यातला स्वार कुठंतरी पडला आणि घोडं तेवढं गावभर फिरतंय.

आपल्या बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात तर याच वस्तूला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. त्यानं १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली आणि तिचं पहिलं काम होतं टेपवरची खरखर कमी करण्याचं यंत्र. म्हणजे आयुष्यभर आवाज स्वच्छ करत बसलेल्या माणसाचं नाव आपण खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या भिंतीला दिलं. अर्थविस्तार, अर्थसंकोच वगैरे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकतो, त्यात हे उदाहरण घालायला हरकत नाही.

शब्द बदलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या बदलाची किंमत नव्यानं शिकू बघणाऱ्या पोरांच्या घरच्यांना मोजावी लागते, म्हणून हे लिहायला बसले. माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. त्याला डीजे व्हायचंय. हौस म्हणून नाही, कामधंदा म्हणून. त्यानं एका दुकानातून यादी करून आणली: दोन बेस, दोन टॉप, एक अँप, एक साधा मिक्सर, वायरी, लाइटचा एक सेट. लॅपटॉप ‘आहे तोच चालेल’. बेरीज दीड लाखाच्या वर. मावशीनं गळ्यातली साखळी गहाण ठेवायची तयारी केली आहे, आणि मला विचारलं, ‘तू चर्चच्या युथ ग्रुपला वाजवतेस ना, एकदा बघ गं.’ मी बघितलं. दोन पानी यादीत कानाला लावायची वस्तू एकही नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्यांदा सामान घेणाऱ्यानं पहिला पैसा स्वतःला ऐकू येण्यावर घालवावा. लोकांना ऐकू जाण्याचं नंतर. नव्वद टक्के लोक उलट करतात (हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, माझ्या वैतागातून आलाय).

डीजेचं काम एका वाक्यात सांगता येतं: लोक एक गाणं ऐकत असतात तेव्हा तो दुसरं ऐकत असतो. बाहेरच्या स्पीकरवर ‘अ’ वाजतंय आणि त्याच्या कानात ‘ब’. ‘ब’ची गती थोडी वाढव, थोडी कमी कर, त्याची पहिली मात्रा ‘अ’च्या पहिल्या मात्रेवर आण, मग हळूच बाहेर सोड. नाचणाऱ्याला सांधा कळता कामा नये, किंवा कळला तर आवडला पाहिजे. या कामाला लागणारं मुख्य हत्यार म्हणजे हे आतलं, खाजगी ऐकणं. त्याला क्यू म्हणतात. ते नसेल तर तुम्ही गाणी लावणारे, आणि ते काम मोबाइल फुकट करतो.

ही गोष्ट आपोआप झालेली नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, कूल हर्क नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत संगीत लावलं. हिप-हॉपची जन्मतारीख म्हणून आज हीच सांगतात. गाण्यातला गायकी थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा आला की पोरं जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवायला लागला. हर्क मूळचा जमैकाचा. तिकडे रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमची मोठी परंपरा आहे, आणि ब्रॉन्क्समध्ये हर्कचे स्पीकर सगळ्यांत दणदणीत म्हणून प्रसिद्ध होते. हे लपवून चालणार नाही, कारण मावसभाऊ हा लेख वाचणार आणि इथं बोट ठेवून म्हणणार, ‘बघ, ताई!’

बघितलं. आता पुढचं. त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला हर्कच्या जोडण्या खटकायच्या, कारण एका प्रतीवरून दुसरीवर जाताना ताल हुकायचा. फ्लॅश शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. स्पीकरच्या बाबतीत हर्कशी त्याची बरोबरी नव्हती. त्यानं घरीच खटपट करून एक स्विच बसवला, ज्यामुळे दुसरी रेकॉर्ड बाहेर जाण्याआधी त्याला हेडफोनमध्ये ऐकता येईल. आज साध्यातल्या साध्या कंट्रोलरवर हेडफोनचं चित्र असलेलं एक बारकं बटन असतं. आमच्याकडे बरीच मुलं ते वर्षभर दाबतसुद्धा नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सगळं १९७३ चं झालं. आता सिंक आहे. बटन दाबलं की सॉफ्टवेअर दोन्ही गाण्यांची गती जुळवतं, मग कान कशाला? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझं अर्धं म्हणणं इथंच आहे.

सिंक वापरायला माझा विरोध नाही. ‘खरा डीजे सिंक लावत नाही’ असं सांगणारी एक जमात असते, तिचा मला कंटाळा आहे. पण सिंक कशावर चालतं ते बघा. परदेशी शिकवण्यांतलं संगीत बहुतेक हाउस किंवा टेक्नो असतं. ते यंत्रावर तयार झालेलं. मिनिटाला १२४ ठोके म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत १२४, आणि चार-चारचा हिशेब. सॉफ्टवेअर गाण्यावर चौकटीच्या वहीसारख्या रेघा मारून घेतं आणि दोन वह्यांच्या रेघा जुळवतं. तिथं ते छान चालतं.

आमच्या एका लग्नात मात्र काय काय येतं? आधी रोस, तिथं कोकणी गाणी. रिसेप्शनला नवरा-नवरीचा वॉल्ट्झ, तो तीनच्या हिशेबात. मग गोव्याच्या पाहुण्यांसाठी ‘मसाला’, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली ओळखीची गाणी. एखादा मांडो, तो सहाच्या संथ चालीत, आणि त्याला लागून दुलपद, तेही सहाचंच पण उड्या मारत. मध्येच कोणीतरी काका येऊन सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं मागणार. ते गाणं शंभर वादकांनी एका खोलीत बसून वाजवलेलं, कानात मेट्रोनोम नसताना. कडव्यात ते जरा सैल पडतं, मुखड्याला परत ताठ होतं. त्यातली मजाच ती. आणि शेवटी ‘झिंगाट’, त्याशिवाय कोणालाच घरी जायला परवानगी नसते.

चौकटीची वही इथं हरते. तीनच्या किंवा सहाच्या गाण्याला सॉफ्टवेअर चारच्या रेघा मारतं आणि पहिली मात्रा भलत्याच ठिकाणी दाखवतं. जुन्या गाण्याची गती मध्ये बदलली की सुरुवातीला जुळलेलं अर्ध्या मिनिटात सुटतं. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं आणि हॉलमध्ये घोडा लंगडतो. तेव्हा बोटानं जॉग व्हील किंचित मागं रेटायचं की पुढं, हे फक्त कान सांगू शकतो, तोही हेडफोन घातलेला कान. सिंकवर विसंबून बर्लिनमध्ये कदाचित निभेल. बेळगावच्या कॅम्पातल्या लग्नात निभत नाही.

तसं बघितलं तर मांडोनंतर दुलपद हे आमच्या आजी-आजोबांचं मिक्सिंगच होतं. संथ विरहातून नाचाकडे कधी वळायचं, किती गती चढवायची, खोलीतले लोक तयार झाले का, हे घुमट वाजवणाऱ्याला कळायचं. त्याच्याजवळ बॉक्स नव्हते.

हेडफोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्यायचा. मागं जाळी असलेले महागडे हेडफोन घरी शांतपणे ऐकायला सुंदर असतात, पण त्यांतून बाहेरचा आवाज आत येतो, म्हणजे आपलं काम संपलं. वायरवाला घ्यायचा. ब्लूटूथ अजिबात नको, आणि हा जुन्या लोकांचा हट्ट नव्हे, साधं गणित आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला अनेकदा एक-दशांश ते पाव सेकंद उशीर होतो. पाव सेकंद म्हणजे बरोबर अर्धा ठोका. तुम्ही कानात अचूक जुळवाल आणि बाहेर ते उलटं पडेल. गाणं ऐकताना हा उशीर जाणवत नाही, जुळवताना तोच सगळा खेळ बिघडवतो.

सेनहायजरचा एचडी २५ हा हेडफोन १९८८ पासून बाजारात आहे आणि अजून डीजेंच्या डोक्यावर दिसतो. त्याचं कारण दिसणं नाही (दिसायला तो एसटी डेपोतल्या उद्घोषकाचा वाटतो). त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. वायर तुटली, वायर बदला. गादी फाटली, गादी बदला. पण तो दहा हजारांच्या घरात जातो आणि नवशिक्याला तो लागतोच असं नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एम-२० एक्स त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. खोट एवढीच की त्याची वायर निघत नाही, त्यामुळे ती कुठं अडकणार नाही याची काळजी घ्यायची. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा आकडे अंदाजाचे समजा.

कंट्रोलर घेताना पडद्यावरच्या चमकत्या पॅडांकडे बघू नका. एकच प्रश्न विचारा: यात स्वतःचं साउंड कार्ड आहे का, आणि हेडफोनला वेगळा आवाज जातो का? पायोनिअरचा डीडीजे-२०० नावाचा स्वस्त कंट्रोलर २०१९ मध्ये आला. दिसायला गोड. पण त्यात साउंड कार्ड नाही. सोबत एक दुभागणारी वायर मिळायची, ती लॅपटॉपच्या किंवा फोनच्या आवाजाचे दोन वाटे करते: एक कान बाहेरच्या लोकांना, एक कान तुम्हाला. म्हणजे बाहेर जाणारं गाणं स्टिरिओ राहतच नाही. घरी खेळायला ठीक आहे, कोणाच्या लग्नात नेऊ नका.

त्याच कंपनीचा डीडीजे-एफएलएक्स ४ किंवा हर्क्युलिसचा इन्पल्स ३००, अशा वर्गातला दोन चॅनेलचा कंट्रोलर पहिली दोन-तीन वर्षं भरपूर आहे. एफएलएक्स ४ पंचवीस-तीस हजारांच्या आसपास, आणि त्याच्यासोबत रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर वेगळे पैसे न देता चालतं. सॉफ्टवेअरला मुळीच पैसे घालायचे नसतील तर मिक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते कायमचं मोफत आणि खुलं आहे, जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. आणखी एक गोष्ट जी परदेशी परीक्षणांत कोणी लिहीत नाही: हे छोटे कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात. आपल्याकडे जूनमध्ये लाइट गेली की रियाज थांबत नाही.

जुना मिळाला तर अजून चांगलं. एफएलएक्स ४ च्या आधीचा डीडीजे-४०० आता बनत नाही, पण वापरलेला मिळतो आणि शिकायला त्यात काही कमी नाही. फक्त घरी जाऊन, वाजवून बघून घ्या. क्रॉसफेडर एका टोकाला पूर्ण सरकवा आणि दुसऱ्या बाजूचं गाणं मोठ्यानं लावा, हेडफोनमध्ये बारीक जरी झिरपलं तरी फेडर झिजलाय. गतीचा स्लायडर अगदी सावकाश वर-खाली करा आणि पडद्यावरचा आकडा बघा, तो मध्येच उडी मारतो का. हेडफोनची पिन भोकात गोल फिरवा, खरखर आली तर सॉकेट सैल आहे. यूएसबीची वायर हलवून बघा. हे चार मिनिटांचं काम आहे आणि विकणाऱ्याला राग आला तर समजायचं ते समजा.

आता स्पीकर. घरी शिकायला जे काही स्पीकर आहेत ते चालतात. कार्यक्रम मिळाला की भाड्यानं घ्यायचे. बेळगावात साउंडवाल्यांची कमी नाही. त्या दिवसापुरते दोन टॉप, एक बेस, ने-आण आणि माणूस, एवढं भाडं ठरवून टाकायचं आणि ते यजमानाला आधीच सांगायचं.

इथं मावसभावाचा मुद्दा येतो आणि तो पोकळ नाही. तो म्हणतो, ‘ताई, बॉक्स ज्याचे त्यालाच ऑर्डर मिळते. नुसतं वाजवणाऱ्याला कोण विचारतंय? लोक आधी विचारतात, किती बॉक्स आहेत.’ हे खरं आहे. मीही ऐकलंय. शिवाय बॉक्स घरात असले की ते दुसऱ्याला भाड्यानं देता येतात, कंट्रोलर देता येत नाही. पण हा धंदा साउंडचा आहे. तो मानाचा धंदा आहे, त्याला टेम्पो लागतो, गोडाऊन लागतं, चार माणसं लागतात, वायरिंगची खरी माहिती लागते, आणि सीझनचे थोडे महिने सोडले तर उरलेल्या वर्षाचे हप्ते भरायची ताकद लागते. ज्याला तो करायचाय त्यानं तो समजून उमजून करावा. माझा भाऊ तो करायला निघालेला नाही. त्याला गाण्यांना जोडायचंय. दुकानदारानं त्याला दुसऱ्याच धंद्याची यादी दिली, आणि शब्द एकच असल्यामुळे दोघांपैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही.

शिवाय दोन बेसनं भागत नाही, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. अँपची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. म्हणून शेजारच्या गल्लीतल्यापेक्षा मोठा आवाज करायची शर्यत कधीच संपत नाही. तुम्ही दोनाचे चार कराल, तो चाराचे आठ करेल, आणि ऐकणाऱ्याला फरक कळेल चमचाभर.

कायद्याचं तर सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी वाचलेलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. माझ्या हिंदू मित्रांनी याला फक्त विसर्जनाचा विषय समजू नये आणि माझ्या ख्रिस्ती मित्रांनी तर मुळीच समजू नये. आमच्या फेस्ताच्या संध्याकाळी आणि थर्टी फर्स्टला चर्चच्या आवारात जे चालतं, त्यात शेजारच्या आजारी माणसाला धर्म ओळखता येत नाही, नुसता बेस कळतो. नियम मोडल्यावर जप्ती येते ती बॉक्सवर. मग साखळी गहाण, बॉक्स ठाण्यात आणि हप्ता चालू.

आणि कान. ८५ डेसिबलला आठ तास, हे कानाला सोसण्याचं सर्वसाधारण माप अमेरिकेत कामगारांसाठी धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. हिशेब केला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आमचे साउंडवाले दादा बॉक्सच्या भिंतीला पाठ लावून पाच-पाच तास उभे असतात. वाजवून झाल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजते हे ते हसत सांगतात. ज्या पोराला कानावर पोट भरायचंय त्यानं पहिल्याच वर्षी कान उधळू नयेत. शंभर-दोनशे रुपयांचे इअरप्लग यादीत घाला. दुकानदार हसेल. हसू द्या.

सामान कुठं वापरायचंय ते बघून निवडावं, याचं एक उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात जे संगीत सुरू झालं आणि पुढं ‘गोवा ट्रान्स’ नावानं जगभर गेलं, ते रेकॉर्डवर वाजत नव्हतं. उन्हानं आणि धुळीनं विनाइलची वाट लागायची. म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे. डॅटवर गती कमी-जास्त करायची सोय साधारणपणे नसे, त्यामुळे ताल जुळवता येत नसे. मग गाण्यांच्या सुरुवाती आणि शेवट लांब, ताल नसलेले ठेवायची पद्धत पडली, म्हणजे एक विरघळत असताना दुसरं उगवेल. एका अख्ख्या संगीतप्रकाराला त्याचा आकार मिळाला तो तिथल्या उन्हामुळे. त्या लोकांनी न्यूयॉर्कच्या दुकानाची यादी उचलून आणली असती तर पहिल्याच मे महिन्यात सगळं वाकडं झालं असतं.

म्हणूनच टर्नटेबलचा मोह असणाऱ्यांनाही मी सध्या थांबा म्हणेन. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ पासूनचं यंत्र देखणं आहे, मलाही हवंय, पण त्या पैशात दोन कंट्रोलर येतात आणि आपल्याला लागणारी निम्मी गाणी विनाइलवर मिळतच नाहीत.

उरलेले पैसे गाण्यांवर घालवा. हे सांगितलं की सगळे माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. यूट्यूबवरून ओढलेली फाइल हेडफोनवर कशीबशी खपते, मोठ्या हॉलमध्ये तिच्या झांजा पत्र्यासारख्या वाजतात. विकत घेतलेलं ३२० केबीपीएसचं एमपी३ साधारण सात-आठ एमबीचं असतं, म्हणजे साध्या पेन ड्राइव्हवर हजारो मावतील. हजारो मात्र नकोत. पहिल्या वर्षी शंभर गाणी पुरे, पण ती पाठ हवीत. कुठं गायकी सुरू होते, कुठं नुसता ताल उरतो, कुठल्या कडव्याला गती सैल पडते, हे वहीत लिहून काढलेलं. आपल्याला कवितेचं रसग्रहण करायची सवय आहेच, ती इथं पहिल्यांदाच कामाला येते.

मावशीकडच्या यादीवर मी हे सगळं लिहून दिलंय: कंट्रोलर, हेडफोन, इअरप्लग, गाणी. बेरीज चाळीस हजारांच्या आत आली, आणि जुना कंट्रोलर मिळाला तर त्याहून खाली. साखळी सध्या मावशीच्या गळ्यात आहे. भाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. त्याच्या एका मित्राचे काका जुने बॉक्स विकतायत आणि ते ‘गिऱ्हाईक बघून’ भाव लावणार आहेत म्हणे. बघू.

ज्यांना विकत घेण्याआधी हात लावून बघायचाय त्यांच्यासाठी: शनिवारी तास संपल्यावर मी माझा कंट्रोलर घेऊन मंडळाच्या खोलीत असते. दोन गाणी आणा, एक यंत्रावरचं आणि एक घरच्या मोठ्यांच्या आवडीचं, जुनं. त्या दोघांना जोडून बघू. हेडफोन आपापले आणा, वायरवाले.